‘बाळाला काहीतरी द्या ना’: मेडिकलच्या काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

संध्याकाळी सात ते नऊ ही आमच्या दुकानाची खरी वेळ. बागेतली माणसं परतलेली असतात, सरकारी दवाखान्याची ओपीडी बंद झालेली असते आणि खासगीत नंबर लावायचा तर दोन तास जाणार. अशा वेळी एखादा बाप येतो, काउंटरवर पन्नासची नोट ठेवतो आणि म्हणतो, ‘‘दादा, बाळाला काहीतरी द्या ना. ताप आहे.’’ बाळ किती महिन्यांचं, वजन किती, ताप कधीपासून, काही पत्ता नाही. बाळ घरी आहे.

डी.फार्म.च्या दोन वर्षांत औषधांची रसायनं शिकवतात. पाचशे तासांच्या प्रशिक्षणात रॅकवर माल लावायला शिकवतात. या पन्नासच्या नोटेचं काय करायचं ते कोणी शिकवत नाही. मी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका गावात एकोणीस वर्षं काउंटरवर आहे. शिकलो ते बरंचसं चुकून शिकलो. तुमच्या चुका थोड्या कमी व्हाव्यात म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. निदान करणं आपलं काम नाही, तो अधिकारही आपल्याला नाही. लोक ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात तेव्हा गुदगुल्या होतात, पण फसू नका. कोणत्या मुलाला या क्षणी दवाखान्यात पाठवायचं, कोणाला उद्या सकाळपर्यंत थांबता येईल आणि कोणाला खरं तर औषधाची गरजच नाही, हे ओळखणं आपलं काम. औषध विकणं त्याच्यानंतर येतं.

दुकानात आधी काय हवं

- डिजिटल थर्मामीटर, दोन. एक नेमका हवा तेव्हा बंद पडतो.
- वजनकाटा. साधा बाथरूमचा चालतो. आईला बाळासकट उभं करायचं, मग एकटीला, आणि वजाबाकी करायची.
- सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. मोबाइल नको, मध्येच फोन येतो.
- सुईशिवायच्या सिरिंज, अडीच आणि पाच मिलीच्या. औषध मोजायला घरच्या चमच्यापेक्षा लाख पटींनी बऱ्या. विकत द्या, फुकट द्या, पण द्या.
- छोटी टॉर्च आणि काचेचा स्वच्छ पारदर्शक ग्लास. ग्लास कशाला ते पुढे येईल.
- एक लिटरची ओआरएसची (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची) पाकिटं आणि २० मिलिग्रॅमच्या झिंकच्या गोळ्या. या दोन गोष्टी दुकानात कधीच संपता कामा नयेत.
- शेड्यूल एच-१चं, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद करूनच द्यायच्या औषधांचं, रजिस्टर आणि एक साधी वही. परवाने आणि आपलं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं हवं, हे सांगायला नको.

१. बाटली नंतर, मूल आधी

मूल सोबत असेल तर काउंटरच्या बाहेर या. आतून फक्त आईचा खांदा आणि बाळाचं टोपडं दिसतं. बाळ तुमच्याकडे बघतंय का? किल्ल्यांचा आवाज केला तर मान वळवतंय का? रडत असेल तर डोळ्यांत पाणी येतंय का? १०३ ताप असूनही किल्ली ओढायला धावणारं पोर मला तितकं घाबरवत नाही. शंभर ताप आणि आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखं पडलेलं पोर मात्र घाबरवतं.

मूल सोबत नसेल तर आईला फोन लावायला सांगा. बापाला बहुतेक वेळा माहिती नसते. व्हिडिओ कॉल हे मोठं साधन आहे, त्यात निम्मं काम होतं.

२. पाच प्रश्न, रोज, न कंटाळता

वय किती? दोन वर्षांच्या आत असेल तर महिने विचारा. ‘लहान आहे’ हे उत्तर नव्हे.

वजन किती? माहीत नसेल तर काट्यावर. वयावरून अंदाजाचं एक सूत्र आहे: वयात चार मिळवून दुप्पट करायचं, म्हणजे दोन वर्षांचं मूल बारा किलोचं. आमच्याकडे सुरगाणा-पेठवरून छाटणीला येणाऱ्या कुटुंबांतली दोन वर्षांची मुलं कित्येकदा आठ-नऊ किलोची निघतात. सूत्रावर डोस काढला असता तर दीडपट गेला असता.

कधीपासून? आणि वाढतंय की कमी होतंय?

आत्तापर्यंत काय काय दिलं? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि उत्तर पहिल्या फटक्यात खरं मिळत नाही. ‘काहीच नाही’ म्हणतात. मग हळूच विचारायचं: शेजारच्यांनी दिलेलं? मोठ्या भावाच्या बाटलीतलं? गुटी? दुसऱ्या मेडिकलचं? तेव्हा पिशवीतून अर्धी बाटली बाहेर येते.

खातंय, पितंय, शू करतंय का? शेवटची शू कधी झाली, हे आईला पक्कं ठाऊक असतं.

आमच्या भागात सहावाही प्रश्न आहे: घरात किंवा बागेत फवारणी चालू आहे का? अचानक उलट्या, तोंडातून सारखी लाळ, घाम आणि टॉर्च मारण्याआधीच बारीक झालेली बाहुली दिसली, तर ते पोटाचं दुखणं समजू नका. कीटकनाशक सोड्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय अजून गेलेली नाही. असं मूल थेट मोठ्या दवाखान्यात पाठवा आणि औषधाचा डबा सोबत न्यायला सांगा.

३. या मुलांना थांबवून ठेवायचं नाही

ही यादी मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. यातलं एकही असेल तर काही न विकता पाठवायचं, गरज पडली तर १०८ला फोन करून.

- तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. तसंच एवढ्या लहान बाळाचं अंग गार पडलेलं असेल तरी.
- अंगावर पीत नाही, किंवा पोटात घोटभरही टिकत नाही.
- झटके आले, भले आत्ता थांबलेले असोत.
- मलूल. हलवूनही नीट जागं होत नाही.
- श्वास जलद, किंवा श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो. ओठ निळसर.
- सहा-आठ तासांत शू नाही.
- उलटी हिरवी, किंवा उलटीत अथवा शीमध्ये रक्त.
- मान ताठ, टाळू फुगलेली, किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके.

तीन महिन्यांच्या आतल्या नियमाला लोक एक अपवाद सांगतात: दीड महिन्याची लस घेतल्यावर ताप आला. खरं आहे, येतो. पण तिथेही डोस आपल्या मनाने द्यायचा नाही. लस देणाऱ्या सिस्टरने किंवा आशाताईने किती द्यायला सांगितलंय ते विचारा, लसीकरणाचं कार्ड बघा. काहीच सांगितलेलं नसेल तर त्यांनाच फोन करायला लावा.

४. ताप

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं. किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

हिशेब सोपा आहे. गोम आहे ती बाटलीत. एकाच औषधाच्या तीन ताकदी आपल्या रॅकवर शेजारी-शेजारी उभ्या असतात. थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२५ आणि डबल ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीला २५०. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम हवं. म्हणजे थेंबांतून १.२ मिली, साध्या सिरपमधून ४.८ आणि डबलमधून २.४ मिली. बाळ तेच, औषध तेच, आकडे तीन.

माझी चूक इथली आहे. दुकानाला दुसरं वर्ष होतं. एका आजींनी नातवासाठी तापाचं औषध नेलं. मी थेंबांची बाटली दिली आणि ‘वजनाप्रमाणे द्या’ असं काहीतरी पुटपुटलो, कारण मागे सहा माणसं उभी होती. आजींच्या घरी आधी सिरप असायचं. त्यांनी सवयीने झाकण भरून पाच मिली पाजलं. पाचशे मिलिग्रॅम, आठ किलोच्या बाळाला, म्हणजे हव्या त्या डोसाच्या चौपट. संध्याकाळी दुसऱ्या डोसाच्या आधी बाटली रिकामी होत आलेली बघून त्या विचारायला आल्या, म्हणून कळलं. बाळाला रात्रीच नाशिकला नेलं, रक्त तपासलं, नशिबाने सगळं ठीक निघालं. तेव्हापासून मी सिरिंज काढतो, त्यावर बॉलपेनने रेघ मारतो आणि म्हणतो, ‘‘आजी, या रेघेपर्यंत. दाखवा बरं भरून.’’ भरून दाखवल्याशिवाय बाटली हातात देत नाही. मागची सहा माणसं थांबतात.

इथले आणखी सापळे:

मोठ्यांच्या गोळीचा तुकडा. सहाशे पन्नासची गोळी अर्धी करून बारा किलोच्या मुलाला दिली की ३२५ मिलिग्रॅम जातं, हवं असतं १८०.

सर्दीच्या सिरपमध्ये लपलेलं पॅरासिटामॉल. वरून तापाचं वेगळं दिलं की डोस दुप्पट. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या.

‘पटकन ताप उतरवणारं द्या’ अशी मागणी. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी माणसं नाव घेऊन मागतात. ॲस्पिरिन मुलांना नाही, त्यातून यकृत आणि मेंदूवर जाणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. आणि जुलै ते नोव्हेंबर, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड आपल्या मनाने कुठल्याच तापाला नाही. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिठ्ठी असेल तरी डॉक्टरांना एकदा फोन करून विचारायला लाजू नका. माझ्यावर आजवर एकच डॉक्टर चिडले, आणि नंतर त्यांनीच चहा पाजला.

डेंग्यूबद्दल आईबापांना एक गोष्ट जरूर सांगा. ताप उतरला म्हणजे संकट टळलं असं नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि तेव्हाच काही मुलं बिघडतात. पोट फार दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, सुस्ती. यातलं काही दिसलं की रात्र असली तरी निघायचं. दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर रक्ततपासणीला पाठवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय असते.

ताप डोक्यात जाऊन झटके आले, असं सांगत कधीतरी कोणी धावत येईलच. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायला चार जण पुढे येतील, त्यांना रिक्षा बोलवायच्या कामाला लावा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. थांबलं तरी दवाखाना आहेच.

५. जुलाब-उलट्या

इथे आपण खरोखर जीव वाचवू शकतो, आणि तेही पंचवीसेक रुपयांत. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मरणाऱ्यांची संख्या खाली आणली. तीच ही ओआरएसची पुडी. तरी लोकांना ती औषध वाटत नाही, कारण तिने जुलाब लगेच थांबत नाहीत. हे आधीच सांगून टाका: ‘‘ताई, हे जुलाब थांबवायला नाही, बाळाचं पाणी भरून काढायला आहे. जुलाब दोन-चार दिवसांनी आपोआप थांबतील.’’ नाही सांगितलं तर त्या दुपारी दुसऱ्या दुकानात जाऊन जुलाब बांधणारी गोळी आणतात.

पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. पाण्याची एक लिटरची बाटली घरात असतेच, तिच्याकडे बोट दाखवून सांगा. ग्लासात चिमूट-चिमूट घालणं हा सापळा आहे: घट्ट झालं तर अंगात मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. वर साखर घालायची नाही, दुधात कालवायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. छोटी पुडी २०० मिलीची असते, ती एका ग्लासाची. दोन्ही पुड्या एकाच ग्राहकाला कधीच देऊ नका, घरी गोंधळ होतो.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आत प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलांना १०० ते २०० मिली. चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. जेवणही चालू: भाताची पेज, मऊ खिचडी, केळं, ताक. ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवायची पद्धत अजून घट्ट आहे.

झिंक १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की लोक झिंकही थांबवतात. म्हणून मी पट्टीवर शेवटची तारीख लिहून देतो.

टेट्रापॅकमधल्या गोड पेयांबद्दल. वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हे नाव मिरवत ती आपल्याच काउंटरवरून विकली गेली, मीही विकली. त्यांत साखर इतकी की जुलाब वाढायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. जुना माल कपाटात असेल तर बघून घ्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तेवढं पाहायचं.

जुलाब बांधणारं लोपरामाइड लहान मुलांना नाही. जुलाबासाठी लोक मागतात ती दोन अँटिबायोटिक एकत्र असलेली सिरपही चिठ्ठीशिवाय नाही. शीमध्ये रक्त असेल, मूल डोळे खोल जाऊन निपचित पडलं असेल, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू सरळ होत असेल, तर पुडीचा पहिला घोट दुकानातच पाजायचा आणि दवाखान्यात पाठवायचं.

आणि हो, दात येताना जुलाब होतात हे खरं नाही. त्या वयात मूल रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून होतात. हे आजींना सांगून पटत नाही. पुडी द्या, वाद घालू नका.

६. सर्दी-खोकला

‘कफ झालाय’ म्हणून बाटली मागतात. एखादी बाटली दिली नाही तर दुकानदार नवखा आहे असं समजतात. तरी देऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या सिरपने किडन्या निकामी होऊन गेली. त्यातल्या कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं होतं आणि चौदा जण दगावले होते. त्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत, पाचच्या खालीही सहसा नकोत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या औषधांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना वापरू नये’ असं छापायचा आदेश निघालाच होता. तुमच्या रॅकवरच्या बाटलीवर ते छापलंय का, आज जाऊन बघा.

यातून दुकानासाठी एक धडा: बिलावर बॅच नंबर लिहा, छोट्या बिलावरही. त्या दिवसांत औषध प्रशासनाचा इशारा आला तेव्हा आम्ही रॅक अर्ध्या तासात तपासला. पण विकलेला माल कोणाकडे गेला हे शोधायची वेळ आली असती तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग द्यायचं काय? नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब, पाजण्याच्या आधी. एक वर्षावरच्या मुलाला अर्धा-एक चमचा मध, रात्री. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, आणि जिभेवर मध चाटवायची रीत घराघरांत आहे, म्हणून मुद्दाम सांगा. कोमट पाणी, दूध. वाफ द्यायची म्हणून उकळत्या भांड्यावर बाळाला धरून भाजल्याच्या केस दरवर्षी कानावर येतात. कापराची वडी नाकाशी बांधायची नाही, छोट्या बाळांना कापूर धोक्याचा.

पण हे सगळं श्वास मोजल्यानंतर. आता हे नीट वाचा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन आली. स्वेटर, वर झबलं, वर शाल. ‘‘कफाचं द्या, घरघरतंय.’’ मी म्हटलं, मावशी, एवढं सोडा. बाकावर बसवलं, अंगावर पाजायला लावलं म्हणजे बाळ शांत झालं, आणि झबलं वर केलं. बरगड्या संपतात तिथे प्रत्येक श्वासाला बोटभर खळगा पडत होता. पोट वर, छाती आत. पूर्ण साठ सेकंद मोजले: चौसष्ट. सात महिन्यांच्या बाळाला पन्नासच्या आत हवेत. न्यूमोनिया निघाला. बाटली दिली असती तर ती रात्रभर बाटलीच्या भरवशावर बसली असती.

आकडे पाठ करा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. रडताना मोजायचं नाही. ‘पोट उडतंय’ असं आई स्वतःच म्हणाली तर मोजायच्या आधीच ते खरं समजा. मेळघाटात अशाच पोट उडणाऱ्या बाळांना तापल्या सळईचा ‘डम्मा’ देतात. आपल्याकडे सळई नाही, पण चुकीची बाटली देऊन वेळ घालवणं त्याच जातीचं.

७. अंगावर उठलं असेल तर

आधी ग्लास. पारदर्शक ग्लास पुरळावर दाबा. लाली फिकी पडली तर बरं. ठिपके जसेच्या तसे दिसत राहिले आणि ताप असेल, तर तिसऱ्या मुद्द्याची यादी.

गोवर: आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल, मग कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ. २०२२ च्या अखेरीला गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली, राज्यात मुलं गेली. गोवर वाटला तर आरोग्य केंद्राला कळवा. तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोसही मिळतो.

कांजिण्या: खाजणारे, पाण्याने भरलेले फोड, एकाच वेळी नवे आणि सुकलेले. सगळ्या खपल्या धरेपर्यंत शाळा नाही. कॅलामाइन लावा, नखं कापा, तापाला फक्त पॅरासिटामॉल. ‘माता आली’ म्हणून घरात कडुनिंबाचा पाला टांगलेला असेल तर टांगलेला राहू द्या. फक्त एवढं सांगा की पाल्यासोबत दवाखानाही चालतो.

खरूज: रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, आणि घरात आणखी कोणाला तरी तेच. पाच टक्के परमेथ्रिन रात्री सगळ्या अंगाला, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, हा यातला प्राण. एकालाच ट्यूब नेली तर महिन्याने तीच माणसं परत येतात. मजुरांच्या शेडमध्ये आठ माणसं एका पालाखाली झोपतात, तिथे मी आधी माणसं मोजतो, मग ट्यूब. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहते, हे सांगून ठेवा.

गजकर्णाला तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम लोक नाव घेऊन मागतात. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो, कातडी पातळ होते. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये गेली, चिठ्ठीशिवाय नाहीत.

८. बाकीचं थोडक्यात

डोळे आले तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुसणं आणि हात धुणं. स्टेरॉइडचे थेंब कधीच आपल्या मनाने नाहीत. महिनाभराच्या आतल्या बाळाचा डोळा चिकटत असेल तर डॉक्टर. कान दुखला तर पॅरासिटामॉल द्या. गरम तेल, लसणाचा रस, काही नाही. पू येत असेल तर दवाखाना. जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या मुलाला निम्मं, गोळी कुस्करून. देण्याआधी शाळा-अंगणवाडीत नुकतीच मिळाली का ते विचारा, १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. उवांना एक टक्का परमेथ्रिन आणि दाट दातांची फणी, आणि त्यात जास्त काम फणीचं.

९. पावडरच्या बाटल्या

चिठ्ठीवर अँटिबायोटिकची कोरडी सिरप आली की निम्मे लोक बाटली तशीच घरी नेतात. घरी काय होतं ते मी ऐकलंय: गळ्यापर्यंत पाणी, चहाचं गरम पाणी, दर वेळी चमचाभर पावडर काढून त्यात पाणी. तुम्हीच बनवून द्या. आधी बाटली उलटी करून थोपटा म्हणजे पावडर सुटते. मग उकळून गार केलेलं पाणी रेघेच्या खालपर्यंत, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग रेघेपर्यंत. बाटलीवर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या सात दिवसांच्या असतात, पण प्रत्येकीचं लेबल वाचा. फ्रिजमध्ये ठेवायला सांगताना घरी फ्रिज आहे का हेही विचारा. उरलेली ओतून द्यायची, धाकट्यासाठी ठेवायची नाही.

सेफिक्झिमसारखी औषधं शेड्यूल एच-१मध्ये आहेत: डॉक्टर आणि रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं रजिस्टरमध्ये. आणि ‘मागच्या वेळी हेच दिलं होतं’ ही चिठ्ठी नव्हे.

१०. ‘नाही’ म्हणणं आणि वही

‘नाही’ म्हणून रिकाम्या हाताने पाठवलं तर माणूस समोरच्या दुकानात जातो. म्हणून हातात काहीतरी द्या: ओआरएसची पुडी, सिरिंज, नाहीतर कागदावर चार ओळी. मी लिहून देतो: वजन, ताप किती, श्वास किती, काय दिलं, किती वाजता. तो कागद दवाखान्यात दाखवला की डॉक्टरांचाही वेळ वाचतो. पैसे नाहीत असं कोणी म्हणालं तर ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता सांगा, १०८ला पैसे लागत नाहीत हेही सांगा. बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं.

ज्यांना थांबायला सांगितलं त्यांचा फोन नंबर वहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन. औषधाने अंगावर उठलं, सूज आली असं कळलं तर १८००-१८०-३०२४ या औषधसुरक्षा क्रमांकावर कळवा.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहून ठेवा: १०८, आरोग्य सल्ल्याचा १०४, वरचा औषधसुरक्षेचा, आरोग्य केंद्राच्या सिस्टरचा, आणि रात्री फोन उचलणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचा. हा शेवटचा दर दोन-तीन महिन्यांनी लावून बघत जा. आमचे डॉक्टर नाशिकला राहायला गेले ते आम्हाला कळलं एका रात्री पावणेबाराला, बाळ काउंटरवर असताना.